आबा, फावडं खाली ठेवा! शिरूरमार्गे राहूला

या वेळची सहल वाचून तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. या बाजूला येणारी मंडळी भुलेश्वर करतात, फोटो काढतात, परत जातात. मी मात्र गेले होते एका वावरात पाणी वाहतं का, ते बघायला. निघताना नवऱ्याने विचारलं, "आणि नाही वाहिलं तर?" मी म्हटलं, "तर तेही बघून येईन."

निमित्त शालनताईंचं. आमच्याकडच्या आठवडे बाजारात त्या राहूहून भाजी घेऊन येतात. त्यांच्या शेतातून गॅसची एक मोठी पाइपलाइन गेली आहे, थेट परराज्यात जाणारी. अशा कामात सरकार जमीन घेत नाही, फक्त जमिनीखालून नळ नेण्याचा हक्क घेतं. वरच्या पट्ट्यात झाड लावायचं नाही, घर बांधायचं नाही, पीक मात्र घेता येतं. आणि काम झालं की जमीन होती तशी करून देणं कायद्याने कंपनीवर बंधनकारक असतं. आता "होती तशी" म्हणजे कशी, इथेच घोडं अडलं होतं. शालनताईंची बाकीची जमीन पट्ट्याच्या पलीकडे, विहीर अलीकडे. पट्टा ओलांडून पाणी गेलं नाही तर त्यांना ऊस लावता येणार नव्हता.

"शनिवारी कंपनीचं सायेब पानी बघाया येनार हायती," मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकत त्या म्हणाल्या. "तुम्ही फिरून लिवता न्हवं? मग या की. चार मानसं जास्त असली म्हंजी बरं असतं."

राहूला सोलापूर रस्त्याने जाणं सोपं. पण मला सरळ रस्त्याचं वावडं आहे, म्हणून मी स्कूटर नगर रस्त्याला घातली. शिक्रापूरच्या चौकाचा भरवसा नाही, तेव्हा उजाडायच्या आत निघा. रांजणगावला कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत शिरूर गाठलं आणि स्टँडजवळ मिसळ खाल्ली. रस्सा मागाल तेवढा, बिल शंभरच्या आत आणि घाम फुकट.

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता मला मनापासून आवडला. मधले काही खड्डे सोडले तर दोन्ही बाजूंना ऊस आणि डोक्यावर मोकळं आभाळ. पुढे शेतांमधून पिवळे खांब दिसायला लागतात: खाली गॅसची लाइन आहे, खोदण्याआधी या नंबरवर फोन करा. एकदा एक दिसला की डोळे पुढचा शोधत राहतात. पारगावच्या पुलावर थांबून भीमा बघितली. पाणी कमी आणि जलपर्णी जास्त, त्यामुळे चटकन पुढे निघाले.

वावरात पोचले तेव्हा बांधावर गर्दी होती. शालनताई पदर खोचून उभ्या होत्या. शेजारी आबा, वरच्या शेताचे मालक, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन, टोपी जरा तिरकी. विहिरीचं पाणी आधी त्यांच्या शेतातून जातं. दोघांच्या शिवेवर पट्टा आडवा येतो आणि त्यापुढे शालनताईंची बाकीची जमीन. म्हणजे आबांचं काहीच बिघडलं नव्हतं. मी आगाऊपणे विचारलं, "मग 'जमीन होती तशी मिळाली' म्हणून कंपनीच्या कागदावर सही करून तुम्ही मोकळे का नाही झालात?"

"ग्रामसभेत ठरलंय," आबा म्हणाले. "सगळ्यांनी एकदमच सही करायची, आन् ती शेवटच्या सरीत पानी पोचल्यावरच. ही शालनच उठून बोलली. बरोबर हाय तिचं. एकदा सही दिली की मशीन गेलं, मानसं गेली. मग कुनाच्या मागं पळायचं?"

"बोलून झालं आन् पटदिशी खाली बसले मी," शालनताई हसल्या.

कंपनीचे इंजिनिअर साहेब तरुण होते, चेहऱ्यावरून काही कळू न देणारे. त्यांनी एकच अट घातली, की पाणी आपलं आपण गेलं पाहिजे, कुणीही हात लावायचा नाही. सगळ्यांनी मान्य केली. त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाइट होती. मोटर सुरू झाली आणि पाणी दांडाच्या मातीच्या चरातून पळत आलं. मला उगीचच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पट्ट्यापाशी आलं आणि थांबलं.

खोदताना वर आलेला मुरूम तसाच वर राहिला होता, काळी माती खाली गाडली गेली होती, आणि जमीन मधेच खचली होती. पाणी त्या खोलगटात साचायचं आणि मुरून जायचं. शेतकऱ्याला अडलेलं पाणी नुसतं बघत राहायला सांगणं ही केवढी शिक्षा आहे, ते मी तिथे पाहिलं. एकाचा पाय पुढे सरकत होता, दुसरा मुठी आवळत होता. आणि आबांनी सवयीने, त्यांच्याही नकळत, फावडं उचललं.

"आबा, फावडं खाली ठेवा!" सगळा बांध ओरडला. सर्वांत मोठा आवाज शालनताईंचा, ज्यांना त्या पाण्याची खरी गरज होती. "आज त्याला आपलं आपन जाऊ द्या. पुढं पान्याच्या दर पाळीला तुम्ही येनार हाय का वाट करून द्याया?"

आबा लाजले. फावडं टाकून त्यांनी हात मागे बांधले.

ठेकेदाराचा सुपरवायझर साहेबांच्या कानाशी लागला. "थोड़ा हाथ मार दो साहब, निकल जाएगा." खरं सांगते, आता चहा येईल, "बघतो, करतो" होईल आणि सगळे पांगतील, असंच मला वाटलं होतं. पण साहेब बुटांसकट चिखलात उतरले, मूठभर मुरूम उचलून पाहिला आणि वर आले. "पाणी जात नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पट्टा पुन्हा करावा लागेल. काळी माती वर आली पाहिजे. मी स्वतः उभा राहीन." तेच त्यांनी लिहून घेतलं आणि लिहिलेलं वाचूनही दाखवलं. मला फार बरं वाटलं. शालनताईंना मात्र संमिश्र वाटलं असणार.

"उसाची लागन लांबली," जेवताना त्या म्हणाल्या. ताटात बाजरीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. "पन सही न्हाई दिली. त्येवढं झालं."

परतताना यवतला गुऱ्हाळावर थांबा. गरम काकवी चाखायला देतात आणि गूळ घेतल्याशिवाय पाय निघत नाही. कासुर्डीनंतर हायवेवर ट्रकवाल्यांशी स्पर्धा करू नका. मी केली आणि घाबरून डाव्या बाजूला आले.

घरी आल्यावर गूळ संपला, पण ते अडलेलं पाणी डोक्यातून जाईना. मोठ्या कामांना जाब विचारायचा म्हणजे कोर्ट, मोर्चे, टीव्हीवरची भांडणं, असं मी समजत होते. इथे गावाने नुसती हाताची घडी घातली होती, आणि एका माणसाने जे दिसलं ते सांगितलं होतं. तरी मनात धाकधूक होतीच. साहेबांची बदली झाली तर?

काही आठवड्यांनी सकाळी व्हिडिओ कॉल आला. शालनताई. "बघा, बघा," एवढंच म्हणून त्यांनी फोन पट्ट्याकडे वळवला. आता वर काळीभोर माती होती. आबा मागे हात बांधून, स्वतःचं मनगट घट्ट धरून उभे. पाणी पट्ट्यात शिरलं, मधल्या एका ढेकळाशी थबकलं, आणि बांधावरचे इंजिनिअर साहेब ते ढेकूळ काढायला वाकले.

"सायेब, हात काढा!"

साहेब चटका बसल्यासारखे मागे सरले. हशा पिकला. ढेकूळ हळूहळू विरघळलं आणि पाणी पुढे निघालं. मग मला नुसतं आभाळ दिसायला लागलं. फोन बांधावर टाकून शालनताई पाण्याबरोबर धावल्या होत्या. बऱ्याच वेळाने लांबून हाक ऐकू आली.

"पोचलं! आबा, शेवटच्या सरीत पोचलं! सायेब, द्या आता पेन."