कूलरच्या टाकीतलं पाणी

मी लोकांना लाजवण्याचा पगार घेते. पदाचं नाव भारदस्त आहे, ‘ग्राहक वर्तन समन्वयक’, पण काम एवढंच. यवतमाळच्या एका खोलीत बसून मी घराघरांतल्या मीटरचे आकडे पाहते आणि दर महिन्याला त्या घरांना पत्र पाठवते. पत्रावर एक पान छापलेलं असतं. शेजाऱ्यांपेक्षा कमी वीज वापरली तर हिरवं, तेवढीच वापरली तर पिवळं, जास्त वापरली तर वाळकं. ही पानांची कल्पना माझी. खाली एक वाक्य असतं, ‘तुमच्यासारखीच घरं तुमच्यापेक्षा कमी विजेत भागवतात.’ तेही माझंच.

आमच्या साहेबांचं म्हणणं असं, की माणूस बिलाला भीत नाही, शेजाऱ्याला भितो. बिल वाढलं तर तो सरकारला शिव्या देऊन मोकळा होतो, पण समोरचा आपल्यापेक्षा शहाणा निघाला तर त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणणं खोटं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं होतं, आणि खाली रेघही मारली होती. आज ती वही हाती लागली तर चुलीत घालीन.

गेल्या वर्षी दारव्ह्यातल्या काही गल्ल्या या कामात घेतल्या, त्यात आमचीही होती. आमची म्हणजे आईची. बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले, तेव्हापासून आई तिथे एकटी राहते. नमुन्याचं पत्र मी मोठ्या कौतुकानं तिला दाखवायला नेलं.

“हे तू लिवलं?” तिनं विचारलं.

“मीच लिवलं.”

तिनं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, मग समोरच्या काकूंना हाक मारून त्यांनाही वाचायला लावलं. लेकीचं नाव होत होतं, त्यामुळे मीही फुगले. त्यानंतर वीज कार्यालयाच्या शिक्क्याचं कुठलंही पत्र आलं, तरी आईच्या लेखी ते लेकीचं पत्र होतं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

समोरच्या काकूंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर टिन. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो गेल्यावर काकूंनी शिवणकाम करून मुलीला वाढवलं आणि तिचं लग्न करून तिला पुसदला पाठवलं. मे महिन्यात त्या टिनाखाली पंखा लावणं म्हणजे तव्यावरची हवा अंगावर घेणं. म्हणून दुपारचं जेवण झालं की त्या आमच्याकडे येत.

एकट्या त्याच नव्हे, गल्लीतल्या चार-पाच बाया येत. आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून लोखंडी कूलर बसवलेला आहे, गल्लीतला पहिला. रिकाम्या हातानं कोणी येत नसे. नळ चार-चार दिवसांनी येणार आणि कूलर तर पाणी पिणार, म्हणून येताना प्रत्येकीनं घरून बादलीभर पाणी आणायचं, बाहेरच्या बाहेर टाकीत ओतायचं आणि मग चपला काढून आत यायचं. हा नियम कोणी केला देव जाणे, पण कोणी मोडल्याचं मी पाहिलं नाही. आत कोणी लसूण सोलायची, कोणी तूर निवडायची, काकू ब्लाऊजला हुक लावायच्या, आणि तासाभरात सगळ्या फरशीवर आडव्या व्हायच्या. माझा बारावीचा अभ्यास काकूंच्या घोरण्यावर झाला आहे.

मीटरला यातलं काही दिसत नाही. माझ्या पडद्यावर आईच्या घराची रेघ दुपारी बाराला वर चढायची आणि पाचला खाली यायची. समोरच्या घराची रेघ त्याच वेळात जमिनीला टेकलेली. त्या चढावात कोण कोण झोपलेलं आहे, हे सगळ्या कचेरीत मला एकटीला ठाऊक होतं. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, या घरात दुपारी पाच घरं असतात. ते म्हणाले, “माणसं मोजायचा रकाना नाही आपल्याकडे.” मग हसून म्हणाले, “आईसाठी वशिला लावता का?” बाजूचे दोघं हसले. मला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. मी जागेवर येऊन बसले आणि पत्रं छापायला पाठवली. लोकांना लाजवणारी बाई स्वतः किती स्वस्तात लाजते, ते त्या दिवशी कळलं.

आईला वाळकं पान गेलं आणि काकूंना हिरवं.

काकू बिचाऱ्या पत्र नाचवतच आल्या. “पाह्य वो बाई, मले हिरवं आलं! तुह्या लेकीनं मले पास केलं!” त्यांच्या मनात काही नव्हतं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना लेखी शाबासकी दिली होती. आईला मात्र ते झोंबलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

“माह्या कूलरखाली झोपते थे, अन् हिरवं पान तिले? करून गेलं गाव अन् माह्यं नाव!”

“अवं आई, ते यंत्र काढते. मी नाही.”

“तू त म्हणे मीच लिवलं.”

तेव्हा मी तिला सांगू शकले असते, की फाड तो कागद आणि खुशाल कूलर लाव. पण मला साहेबांचं हसणं आठवत होतं. आईचा आकडा खाली यावा असं मलाच वाटत होतं, हे आज लिहायला हरकत नाही. मी म्हटलं, “थोडं कमी करून पाह्य ना मग.”

आईनं केलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं दुपारी दाराला आतून कडी घातली आणि कूलर तासभरच लावायला सुरुवात केली. बाकीच्या बायांनी दोन दिवस कडी वाजवली, मग तोंडं वाकडी करून त्या आपापल्या घरी पंख्याखाली पडू लागल्या. त्यांची घरं स्लॅबची होती, त्यांचं निभलं.

पंधराएक दिवस गेले असतील. दिवे लागायची वेळ झाली तरी काकूंच्या घरात उजेड नाही, म्हणून आई पाहायला गेली. त्या शिलाई मशीनजवळ खाली पडलेल्या होत्या, अंग भाजत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. दारव्ह्याच्या दवाखान्यातून यवतमाळला आणलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं, वयही होतं, बीपीही होतं. पत्रानं मारलं असं मी म्हणत नाही. पण ती दुपार त्यांनी आमच्या फरशीवर घोरत काढली असती, एवढं मला नक्की ठाऊक आहे, आणि ते कुठल्याही डॉक्टरला विचारायची मला गरज नाही.

महिन्याच्या बैठकीत साहेबांनी भिंतीवर आमची गल्ली दाखवली. एका घराची दुपारची रेघ खाली आलेली, आणि समोरच्या घराची तर शून्यावर. “याला म्हणतात वर्तन बदल,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. ते समोरचं घर बंद आहे, हे मी सांगितलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या. त्या महिन्यात काकूंच्या बंद दाराखालून हिरवं पान आत सरकलं, अभिनंदनासकट.

जून लागला तेव्हा मी रविवारी बसनं दारव्ह्याला गेले. कूलर धुऊन झाकून ठेवायचा होता. काकू गेल्यापासून आईनं तो लावलाच नव्हता, त्यामुळे टाकी कोरडी असणार असं धरून मी बाजूची गवताची ताटी काढली. टाकी काठोकाठ भरलेली. वर हिरवट साय धरलेली, आत अळ्या वळवळत होत्या.

“लावत त नाही तू,” मी म्हटलं, “मग एवढं पाणी कायले भरलं?”

आई पायरीवर बसली होती.

“मी नाही भरलं. थे भरे.”

“कोण?”

“समोरची. रोज बाराला बादली घेऊन ये. बंद दार पाहे, ना हाक मारे, ना कडी वाजवे. टाकीत पाणी ओते अन् चालली जाये. मले आतमंदी आवाज ये पाण्याचा. मी झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहो.”

मला तिचा इतका संताप आला की हातातली ताटी मी अंगणात फेकली. “आई, एवढा कसला राग होता तुले तिचा? एका कागदाच्या पानावरून?”

“राग दोनच दिवस होता मले,” आई म्हणाली. “मंग गेला.”

“मंग कडी काहून नाही काढली?”

आईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“तुह्यं पत्र आलं होतं ना.”