सासानी बुडाले आणि मुली हसल्या

फरंगीस खानमचा नवरा कैकावूस जन्मभर इराणात हमदान ते किरमानशाह बस चालवून निवृत्त झालेला. नाव पुराणातल्या राजाचं, आणि छंद मुहूर्त काढायचा. लग्नाचे नव्हेत, सरकार पडायचे. थंडीत तो म्हणायचा, "नवरोजपर्यंत टिकत नाहीत हे." नवरोज आला, नव्या कपड्यांच्या घड्या मोडल्या, सरकार जागच्या जागी. मग म्हणायचा, "उन्हाळ्यात नळ कोरडे पडू देत, बघा काय होतंय ते." नळ कोरडे पडायचे, लोक रस्त्यावर यायचे, मार खाऊन घरी जायचे, आणि आल्वंद डोंगरावर पुन्हा बर्फ दिसू लागला की कैकावूस नवा मुहूर्त द्यायचा. गल्लीतले लोक पाऊसपाण्याची चौकशी करावी तसे विचारायचे, "काय आगा कैकावूस, आज काय म्हणतंय?"

फरंगीस खानम मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. राज्यं कशी उभी राहतात आणि कशी कोसळतात हे सांगण्यातच तिची हयात गेली, पण आजच्या राज्याबद्दल ती चकार शब्द काढत नसे. नवरा मुहूर्त सांगू लागला, की ती त्याच्या पेल्यात आणखी चहा ओतायची. तोंड चहात गुंतलं, की तेवढीच शांतता.

अशा बाईवर बालंट यावं, तेही तिनं तोंड उघडलं म्हणून नव्हे, तर उघडता उघडता मिटलं म्हणून.

त्या दिवशी वर्गात सासानी राजघराण्याचा शेवट चालू होता. पुस्तकात होतं तेच ती सांगत होती. लांबलेल्या लढायांनी तिजोरी रिकामी झाली, करांनी प्रजा पिळून निघाली, धर्मगुरूंचा हात दरबारात सगळीकडे पोचला, आणि राजाला वाटत राहिलं की सगळं ठीक आहे. इथे ती थांबली. वर्गही थांबला. मग मागच्या बाकावरून कोणीतरी नाकातून फुस्स केलं, आणि सगळा वर्ग हसत सुटला.

कुणाच्या तरी आईनं तक्रार केली. शिक्षण खात्यातून सालारी नावाचे तपासनीस आले. मुख्याध्यापिका मोअज्जमी खानम स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसली.

"वर्गात काय सांगितलंत?" सालारींनी विचारलं.

"सासानी कसे बुडाले ते. चौदाशे वर्षं होत आली त्याला."

"ते मलाही ठाऊक आहे. मुली का हसल्या?"

"ते मुलींना विचारा."

"विचारलं. म्हणाल्या, आम्हाला सासान्यांची दया आली. दया आली की माणूस हसतो का, खानम?"

"त्या वयात कशानंही हसतो."

"तुम्ही मध्येच थांबलात म्हणे."

"श्वास घ्यायला."

"एवढा वेळ?"

"माझं वय बघा की जरा."

सालारींनी तिचं वय बघितलं आणि खाली मान घातली. माणूस वाईट नव्हता. वरून सांगितलेलं खाली करायचं, एवढीच त्याची नोकरी. त्यांनी इतिहास तिच्याकडून काढून घेतला आणि भूगोल दिला. डोंगर-नद्यांना कोण हसणार, असा त्यांचा हिशेब.

पहिल्याच आठवड्यात फरंगीसनं विचारलं, "इस्फहानमधून कोणती नदी वाहते?"

एका मुलीनं हात वर करून अगदी साळसूदपणे विचारलं, "खानम, कोणाच्या काळात?"

नदीचं पात्र कोरडं पडून त्यात मुलं चेंडू खेळतात हे अख्ख्या देशाला माहीत. वर्गाचं हसू व्हरांड्यात गेलं, तिथून खाली कार्यालयात गेलं, आणि भूगोलही गेला.

मग आला गृहकौशल्याचा तास. हमदानच्या मुलींना कोमाज, म्हणजे हळद घातलेली गोड रोटी, करायला शिकवायची. फरंगीसनं पीठ भिजवून दाखवलं आणि मनात काही एक न ठेवता म्हणाली, "आता याला झाका, पण दडपून ठेवू नका. दडपलं की फुगायचं थांबत नाही, झाकण उडवतं." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. मुली तोवर टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. पीठ लागलेल्या हातांनी त्या एकमेकींचे डोळे पुसत होत्या.

मोअज्जमी खानम दारात येऊन उभी राहिली. "फरंगीस खानम, आता तुम्हाला पाठवू तरी कुठे?"

"घरी पाठवा," फरंगीस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण त्या दिवशी ती बस न धरता चालत घरी आली. कैकावूसनं तिचा चेहरा पाहिला आणि पहिल्यांदाच मुहूर्त न काढता स्वतः चहा केला. फार कडू केला. तिनं तो तसाच प्यायला.

वर्षभरानं, गुरुवारच्या दुपारी दाराची घंटा वाजली. दारात सालारी, आणि त्यांच्यामागे डोक्यावरचा रुमाल खांद्यावर पडलेली एक उंच मुलगी.

"ही दोरसा, माझी लेक," सालारी दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले. "विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसायचंय. इतिहास कच्चा आहे. चौकशी केली तर सगळे तुमचंच नाव सांगतात."

"आगा, तुम्हीच तर माझा इतिहास काढून घेतलात."

"शाळेतला काढला होता. घरातल्याबद्दल मला काही आदेश नाही."

कैकावूसला हे उत्तर इतकं आवडलं, की त्यानं सालारींना ओढूनच आत नेलं. धडे बैठकीत आणि चहा शेजारच्या खोलीत, अशी व्यवस्था लागली. मधलं दार नीट मिटत नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी सासानी आले. फरंगीस त्या जागी पोचली. या वेळी ती मुळीच थांबली नाही, एका दमात पुढे गेली. तरी दोरसा हसली. शेजारच्या खोलीत चहाचा ठसका लागल्यासारखा आवाज झाला.

"ऐकलंत?" कैकावूस तिकडे म्हणत होता. "या उन्हाळ्यात संपतंय सगळं."

"उन्हाळ्यात?" सालारी आवाज खाली आणून म्हणाले. "छे हो. खात्यात आत बसून बघतो ना मी. पुढच्या वर्षापर्यंत खेचतील."

जन्मभर कैकावूसच्या मुहूर्ताला लोक हसले होते, पण तारखेवरून वाद घालणारा हा पहिलाच माणूस भेटला. तोही सरकारी.

बैठकीत दोरसानं वही मिटली. "खानम, खरं सांगा. बदलेल ना?"

मग नवऱ्यालाही धड न सांगितलेली गोष्ट फरंगीसनं या परक्या पोरीला सांगितली. शहा, म्हणजे शेवटचा राजा, देश सोडून गेला त्या दिवशी तिचे वडील हमदानच्या चौकात मिठाई वाटत फिरले होते. ती त्यांच्या खांद्यावर बसली होती, हात चिकट झाले होते. दोन-तीन वर्षांतच वडिलांची नोकरी गेली, भाऊ इराकशी चाललेल्या युद्धाच्या आघाडीवरून परतला नाही, आणि त्या मिठाईच्या दुकानासमोरून जाताना वडील तोंड फिरवून घेऊ लागले.

"पुढे काय होणार, असं तेव्हा त्यांनी कुणाला विचारलं नाही?"

"तोंडात मिठाई होती ना बाळ. विचारणार कसं?"

दोरसा आता हसली नाही. "मग आम्ही मिठाई नंतर खाऊ," ती म्हणाली. "आधी विचारू."

फरंगीसनं तिच्याकडे पाहिलं. राज्यं पडताना तिनं पुस्तकात पुष्कळ पाहिली होती. पडण्याआधीच पुढच्या सकाळचा विचार करणारं कोणी समोर बसलेलं तिला आठवेना. "बदलेल," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, आणि मग स्वतःच दचकून तिनं मधलं दार लोटलं. ते काही मिटलं नाही.

दोरसा परीक्षेत चांगली वर आली. सालारींच्या मनात वकिली होती. पोरीनं इतिहास घेतला. ते तणतणत आले.

"खानम, तुम्ही माझ्या मुलीचं वाटोळं केलंत. इतिहास शिकून कुणाचं भलं झालंय?"

"माझं नाही झालं, हे खरं," फरंगीस म्हणाली. "चहा घेणार?"

सालारी दारात घुटमळले. मग बूट काढून आत आले. लेक तेहरानला गेली तरी ते गुरुवारी येतच राहिले. कैकावूसला ते समजावतात, की शरद ऋतूची तारीख फार घाईची होते आहे.