बॅनरवरचा मधला चेहरा

कोपरला एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करतो. बॅनर लांबून बघायचा असतो, म्हणून फाइल हलकी ठेवायची, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. मी मात्र तेव्हा नुकताच एक कोर्स करून आलेलो, डोक्यात हवा. शेजारच्या चाळीतल्या मावशी वारलेल्या नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा बॅनर करायला आल्या, तर मी त्या दहा फुटी बॅनरची फाइल पुस्तक छापायला लागते तेवढ्या बारकाईची उघडली.

खाली अभिवादन करणाऱ्यांचे फोटो लागतातच. दीर, भाचे, मंडळाचे कार्यकर्ते मिळून तीसेक चेहरे झाले. वरच्या कोपऱ्यात वॉर्डातल्या भावी नगरसेवक साहेबांचा भलाथोरला फोटो. फाइल सेव्ह करायला गेलो आणि स्क्रीनवर आलं, मेमरी पुरत नाही. ब्राउझर बंद केला, गाणी बंद केली, तरी तेच. खरं तर सगळी फाइलच हलकी करून नव्याने मांडायला हवी होती. पण मला कंटाळा आला. कोणाचा तरी फोटो बारीक करून भागवायचं ठरवलं. साहेबांच्या फोटोला हात लावायची छाती नव्हती, त्यांची माणसं दुकानात येऊन बोलली असती. गेलेला माणूस काय बोलणार? मी मावशींच्या नवऱ्याचा फोटो पार बारीक केला आणि ताणून मधोमध बसवला. फाइल झटक्यात सेव्ह झाली. मला सुटल्यासारखं वाटलं, हे सांगतानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या तोंडाशी बॅनर लागला. साहेबांच्या मिशीचा एकेक केस दिसत होता. मधल्या माणसाचे नुसते चौकोनी ठिपके झालेले, डोळे कुठे नि चष्मा कुठे कळत नव्हतं. मावशी खाली उभ्या होत्या.

"ह्यांचा चेहरा असा का आला रे?"

"फोटोच जुना होता ना, मावशी."

मूळ फोटो माझ्या कॉम्प्युटरवर लख्ख होता. कार्यक्रम संध्याकाळी होता, तोवर दुसरा बॅनर सहज झाला असता. पण मग आत्ताच मारलेली थाप उघडी पडली असती. मी तो बॅनर तसाच राहू दिला.

संध्याकाळी पाहुणे बॅनरपाशी थांबून निरखून बघत होते. मावशी प्रत्येकाला सांगत होत्या, "माझ्याकडचा फोटोच बरा नव्हता. ह्याने लय मेहनत घेतली." मग त्यांनी मला हाक मारून आत बसवलं आणि स्वतःच्या हाताने खीर वाढली. मी ती खाल्लीसुद्धा.