धानोऱ्याला माझ्याआधी कोण पोचलं?

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आमच्या धानोऱ्यात कोणी असलं काही सांगू लागलं, की मी उठून जायचो. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी कराचीच्या विमानतळावर कामाला आहे. पेट्रोल चामड्यातून गाळून विमानाच्या टाकीत भरायचं. अंगाचा वास साबणानंही जात नाही. तिथं दादाची तार आली — आईचं काही खरं नाही, तुझं नाव घेते. रेल्वेनं मारवाडातून फिरत जायचं म्हणजे बरेच दिवस जाणार. पायलट साहेबांपुढे हात जोडले. त्यांनी मला टपालाच्या थैल्यांमध्ये बसवलं, वर पाणीही पाजलं. ते उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. निघताना दादाला तार केली — विमानानं येतो.

कराची ते अहमदाबाद पावणेचारशे मैल, चार तास. उजाडताना उडालो. दुपारी मी अहमदाबाद स्टेशनात गाडीची वाट बघत होतो — हे तेवढं लक्षात ठेवा. मग सुरत, तिथं गाडी बदलून दुसऱ्या सकाळी नंदुरबार, आणि मिरची उतरवून परतणाऱ्या बैलगाडीतून धानोरा.

दादा ओट्यावर बसलेला. डोकं भादरलेलं. मी समजलो... तिथंच खाली बसलो.

"आते काय लेवाले उना?" दादा म्हणाला — आता काय घ्यायला आलास, म्हणून.

"दादा, मी ते आत्तेच पोचनू..."

"मंग काल दुपारले कोन उना व्हता? मायना तोंडमा पानी टाकं नि निंघी गया. खांदा देवाले बी थांबना नही!"

शेजारची काकू डोळे पुसत म्हणाली, "मायनी तुले वळखं, भाऊ. 'मन्हा पोऱ्या उना' म्हने. तुन्हा आंगले घासलेटना वास येत व्हता. मी म्हनं, भाकर खाय — तू बोलनाच नही."

मी मैल सांगितले, तास सांगितले, गाड्या सांगितल्या. दादा हसला. तसलं हसू देव कुणाला न दाखवो.

"इमानमा बसना ना तू? इमानले काय नदी-नाला आडा येतस? मनमा ऱ्हातं ते थांबता!"

मनात असतं तर थांबलो असतो, असं त्याचं म्हणणं. गावात कुणाला याचं नवल वाटलंच नाही! विमान म्हणजे मनात आलं की पोचतं, मनात आलं की परत जातं — अशीच समजूत. नवल वाटतं ते एकट्या मला, कारण ते अंतर मी स्वतः कापलंय.

मी कराचीला परत आलो. दादा पत्राला उत्तर देत नाही, आता देईल असंही वाटत नाही. साहेबांना सगळं सांगितलं, तर त्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला.

उलगडा मला आजतागायत झालेला नाही. आई निवांत गेली म्हणतात, म्हणून जो कोणी आला होता त्याच्या मी पाया पडतो. पण कधी भेटलाच, तर एवढंच विचारीन — बाबा रे, शेवटी ती दिसत कशी होती?