द्वारकाबाईनं पदर घेतला नाही

तलमडुगुकडच्या एका गावात द्वारकाबाईचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. नवरा दादाजी पाणी देतो, फवारणी करतो. पण माल तोडणं, गाठोडी बांधणं, भल्या पहाटेच्या ऑटोत टाकून आदिलाबादच्या बाजारात नेणं आणि तिथं गिऱ्हाइकाशी भांडणं हे सगळं द्वारकाबाईचं. भाव हिंदीत करायची, भांडायची तेलुगूत, आणि शिव्या मात्र मराठीतच द्यायची. बाजारातले हमालसुद्धा तिच्या वाट्याला जात नसत.

अशा बाईला शिंदीनं धरलं. बाजारातून परतताना कितीतरी बायका कल्लूच्या, म्हणजे शिंदीच्या दुकानाशी टेकतात, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. गुडघे ठणकतात, झोप येत नाही, म्हणून तीही टेकली. पण त्या शिंदीत झाडाचं थोडंच असतं? पाण्यात झोपेच्या गोळीची पूड कालवलेली असते. हे विकणाऱ्याला माहीत, पिणाऱ्याला माहीत, आणि ज्यांनी बंद करायचं त्यांनाही माहीत. हळूहळू असं झालं की दुपारपर्यंत शिंदी मिळाली नाही तर तिच्या हातातला तराजू थरथरायचा.

एकदा ती नातीला घेऊन विहिरीच्या काठाशी बसली आणि तिथंच तिची शुद्ध हरपली. सून मयूरी धुणं घेऊन आली म्हणून पोर वाचली. मयूरीनं पोर उचलली, घरात गेली, दार लावून घेतलं. मुलगा कामासाठी हैदराबादेत, आणि या दोघींचं तसं कधी जमलंच नव्हतं. संध्याकाळी द्वारकाबाई स्वतःच नवऱ्याला म्हणाली, "मले कुठीतरी न्या. मले हे सोडाचं हाय."

तिला कोणी ओढून नेलं नाही. कोणी हातपाय बांधून गाडीत टाकलं नाही. ती आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून, आपल्या पायानं गेली.

नेरडीगोंड्याच्या पुढं हायवेला लागून एक व्यसनमुक्ती केंद्र होतं. दुमजली घर, उंच भिंत, लोखंडी फाटक. तिथला मॅनेजर राजकुमार मोठा गोड बोलला. "आई, आता हे तुमचंच घर समजा." मग कागद दादाजीपुढं सरकवला. द्वारकाबाई पुढं झाली. "मी करतो ना सई. मले येते."

"पेशंटची सही चालत नाही," राजकुमार हसून म्हणाला. दादाजीनं सही केली आणि तो बसनं परत आला.

आत गेल्यावर आधी तिचा फोन काढून घेतला, मग लुगडं. सगळ्यांना देतात तसला एक मळका गाऊन अंगात चढवायला लावला. शिंदी एका दिवसात बंद. गोळीची सवय लागलेलं शरीर असं एकदम तोडलं की ते काय करतं, हे कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं असतं. पण फाटकावरच्या पाटीवर ज्या डॉक्टरचं नाव होतं, त्याला आतल्या कोणीच पाहिलेलं नव्हतं. ती थरथरू लागली, भिंतीवर माणसं दिसू लागली, ओरडू लागली. त्यांनी तिला दोरीनं खाटेला बांधलं. तिथंच तिचं लघवी-संडास सगळं झालं, आणि बराच वेळ कोणी सोडायला आलं नाही.

उठण्याजोगी झाल्यावर तिला स्वयंपाकाला जुंपलं. केंद्रातल्या सगळ्या पुरुषांच्या चपात्या, सगळ्यांची भांडी. "काम म्हणजेच इलाज," राजकुमार सांगायचा. काम करायला द्वारकाबाई कधी भ्याली नव्हती. पण ही कामाची बाई आपल्याला फुकट मिळाली आहे, असं ज्या तऱ्हेनं तो तिच्याकडं पाहायचा, ते तिला कळत होतं.

एक दिवस ती त्याच्यापुढं उभी राहिली. "मी माह्या पायानं आली. आता माह्या पायानं जातो. फाटक उघडा."

"ज्यानं सही केली तो येईल तेव्हा."

"मंग त्याले फोन लावून द्या."

"फोन बंद आहे इथं. नियम आहे."

तिनं परातीनं फाटक बडवलं. हायवेवरच्या ट्रकवाल्यांना हाका मारल्या. कोणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातल्या दोन पोरांनी तिचे दंड धरले आणि राजकुमारनं तिच्या डोक्यावरून मशीन फिरवली. केस अंगणात पडले. उवा झाल्या होत्या, असं त्यानं नंतर सगळ्यांना सांगितलं. तिच्या डोक्यात ऊ नव्हती. आणि असती तरी? उवांना औषध असतं, फणी असते. बाई ओरडते म्हणून तिचं डोकं भादरायचं, याला इलाज म्हणत नाहीत. जनावराच्या पाठीवर डाग देतात, तसलं ते.

इकडं मयूरी दर थोड्या दिवसांनी केंद्रात फोन करत होती. दरवेळी उत्तर एकच: आई आराम करून राह्यल्या. मयूरीला ते पटेना. तापानं फणफणली तरी दिवसा पाठ न टेकणारी ही बाई, फोन येईल तेव्हा आरामच कसा करत असते? दादाजी म्हणाला, "भेटाले येऊ नोका म्हनते ते. पेशंटचं मन हालते."

"हालू द्या," मयूरी म्हणाली. पोर शेजारी ठेवली आणि तिनं बस धरली.

राजकुमारनं तिला फाटकातच अडवलं. ती सळयांमधून आत पाहत उभी राहिली. मळका गाऊन घातलेला, भादरलेल्या डोक्याचा एक म्हातारा बादली घेऊन अंगणातून चालला होता. मयूरीनं नजर फिरवली. तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं बादली आपटली आणि बाजूच्या पोराला एक अस्सल शिवी हासडली. तो आवाज मयूरीच्या ओळखीचा होता. लग्न झाल्यापासून ती तोच ऐकत आली होती.

"आत्याबाई!"

द्वारकाबाई वळली. पहिल्यांदा तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. सुनेपुढं. मग हात खाली घेतले आणि फाटकाकडं चालत आली.

मयूरीनं शंभर नंबर लावला. पोलीस आला, एकटाच कॉन्स्टेबल, मोटरसायकलवर. त्यानं राजकुमारला विचारलं, काय भानगड आहे. राजकुमार म्हणाला, घरचा मामला आहे, पेशंटच्या डोक्यावर परिणाम झालाय. कॉन्स्टेबलनं मयूरीला विचारलं, "नवरा कुठं आहे हिचा? मुलगा? पुरुष माणसाला बोलव."

"साहेब!" द्वारकाबाई सळया धरून ओरडली. "मी इथं हाय ना उभी! माह्याबद्दल त्याले काऊन इचारता? मलेच इचारा ना!"

कॉन्स्टेबलनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो परत राजकुमारशी बोलू लागला. मयूरी तेलुगू शाळेत शिकलेली. ती त्याच्यासमोर जाऊन तेलुगूत म्हणाली, "तुम्ही आलात, बाईचं डोकं बघितलंत, मनगटावरचे दोरीचे वळ बघितलेत, आणि तिला तशीच आत ठेवून गेलात. मी एसपी ऑफिसात एवढंच सांगणार आहे. नाव तुमच्या छातीवर लिहिलेलं आहे."

कॉन्स्टेबल फाटकाकडं वळला. मग राजकुमारला म्हणाला, "उघड."

मयूरीनं तिला घरी नेलं नाही. बसमध्ये तिचे हात थरथरत होते, म्हणून थेट आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. "असं एकदम तोडलं? झटके येऊन मेली असती." औषध सुरू झालं. ते थोडं थोडं कमी करत जायचं होतं. मग बाईंनी समजावून सांगितलं. स्वतःहून दाखल झालेल्या माणसानं जायचं म्हटलं की सोडावं लागतं. फार तर तपासणीपुरतं एक दिवस थांबवता येतं, तेही डॉक्टरनं. फोन बंद करता येत नाही. स्वतःचे कपडे घालू द्यावे लागतात. काम बळजबरीनं करून घेता येत नाही आणि केलं तर मजुरी द्यावी लागते. आणि जबरदस्तीनं केस कापायचे नाहीत, असं कायद्यात लिहिलं आहे.

"केसाचं बी लिवलं हाय?" द्वारकाबाईनं विचारलं.

"लिहिलं आहे."

ती खाटेवर उठून बसली. इतके दिवस तिला लाज वाटत होती. त्या क्षणी लाज गेली आणि जो राग आला, तो सांगण्यासारखा नव्हता. "म्हंजे हे पयलेही कोनाचे तरी कापले असन. त्याबिगर कायद्यात लिवतेत का?"

ती घरी आल्यावर दादाजी पुढंच येईना. अखेर एका दुपारी तो बाजारातून एक डबा घेऊन आला. आत केसांचा टोप होता. "हे लाव. नाही तर पदर तरी घे, माय. लोक मले मेलेला समजून राह्यले."

"तुमी जिते हाय, हे लोकाले मी सांगीन. सई कोनी केली तेबी सांगीन."

"मले काय मालूम होतं ते असं करतीन?"

"मालूम नोतं, तर येऊन पाहाचं होतं. तुमची सून आली ना!"

टोपाचा डबा तसाच कोनाड्यात राहिला.

आणि द्वारकाबाई बाजारात बसली, उघड्या डोक्यानं. आपल्याकडं डोकं भादरलेली बाई दिसली की लोक आधी हेच विचारतात. "तिरुपतीला गेलती का, अम्मा?" गिऱ्हाईक हात जोडायचं, प्रसादाला हात पुढं करायचं. ती वांगी तोलता तोलता मोठ्यानं सांगायची, "तिरुपतीले नाही. शिंदी सोडाले गेलती. तिथल्या मॅनेजरनं धरून कापले." काही जण भाजी न घेताच निघून जायचे. काही बायका मात्र थांबायच्या, आजूबाजूला बघायच्या आणि हळूच विचारायच्या की ते केंद्र नेमकं कोणतं. एखादी म्हणायची, माझा भाऊ तिथंच आहे.

सोमवारी कलेक्टर ऑफिसात प्रजावाणी, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायची बैठक असते. तिथं ती मयूरीला घेऊन गेली. एका साहेबानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं पुढच्या सोमवारी बोलावलं. ती पुढच्या सोमवारी गेली, त्याच्या पुढच्याही गेली. तहसील असो की कलेक्टरी, मध्येच कोणीतरी म्हणायचं, बाई, डोक्यावर पदर घ्या, साहेब बसलेत. ती घ्यायची नाही.

शेवटी मानसिक आरोग्याच्या मंडळापुढं सुनावणी लागली. राजकुमार इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. साहेबांनी विचारण्याआधीच तो पुढं आला आणि सगळ्यांसमक्ष त्यानं तिचे पाय धरले. "आई, चुकलं. लेकराला माफ करा." समोर बसलेल्यांचे चेहरे सैल झाले. आता ही बाई त्याला उठवील, डोक्यावरून हात फिरवील आणि काम आटोपेल.

द्वारकाबाईनं पाय मागं ओढून घेतले.

"मी याची आई नोहो," ती म्हणाली. "याच्या आईच्या डोक्यावर यानं मशीन लावली असती का? पाय सोड म्हना त्याले. केस काऊन कापले, ते साहेबाले सांग म्हना. दोरीचं सांग म्हना. आन् आत आजून जे हायेत, त्याइले इचारा. त्याइच्या बापाले इचारू नोका, नवऱ्याले इचारू नोका. त्याइलेच इचारा."

पुढं तपासणी झाली. केंद्राला परवानगीच नव्हती, असं निघालं. ज्यांना जायचं होतं ते गेले, दोघा-तिघांना दवाखान्यात हलवलं, फाटकाला कुलूप लागलं. राजकुमारवर गुन्हा नोंदवला गेला; तो जामिनावर सुटला आणि आता दुसऱ्या जिल्ह्यात योगकेंद्र काढतोय, असं ऐकू येतं. हे ऐकल्यापासून द्वारकाबाई मयूरीच्या मागं लागली आहे, तिथल्या कलेक्टरचा पत्ता काढ म्हणून. मधे एकदा तिचा पाय घसरला, ती कल्लूच्या दुकानात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच सरकारी दवाखान्यात गेली आणि सुनेला फोन करून सांगितलं, "मी इथं हाय. आज बाजार तू कर."