विस्तव मागायला गेलेल्या बायका

मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा बघायला कधी जावं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं आहे. दिवाळी झाल्यावर जा. झाडं लगडलेली असतात आणि ऊनही सोसवतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन एखादंच वर्ष झालं होतं. बागा बघायच्या आहेत, असं मी घरी सांगितलं होतं. खरं तर मला इंदूला भेटायचं होतं.

इंदू माझी अकोल्याच्या शाळेतली मैत्रीण. गणितात तिचा हात कुणी धरत नसे. लग्न होऊन ती मोर्शीजवळच्या एका गावात गेली, तीही माझ्या मावशीच्या शेजारच्याच घरात. वर्षभर तिची पत्रं आली, मग बंद झाली. मावशीला विचारलं तर कार्डावर दोनच शब्द आले, 'बरी आहे.' मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझ्याच शाळेतली सुशीला सोबत यायला तयार झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी निघालो.

सकाळच्या पॅसेंजरने बडनेरा, तिथून टांग्याने अमरावती. स्टँडवर गरम भजी खाल्ली आणि मोर्शीची एसटी धरली. आता हा रस्ता तास-सव्वा तासात संपतो. तेव्हा आमची दुपार त्यात गेली आणि धुळीने केस पांढरे झाले. पण दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि मोर्शी जवळ येताच सुरू झालेल्या हिरव्यागार बागा, हे अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे मावशीने पाठवलेली बंडी होती. बैलांच्या चालीने गावात पोचलो तेव्हा मावशीने भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा तयार ठेवला होता. त्या चवीसाठीसुद्धा जावं.

जेवण होताच मी शेजारी गेले. इंदू दारातच भेटली. तिने डोईवरचा पदर गालापर्यंत ओढला होता. गालावर काळंनिळं दिसलं. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "विहिरीवर पाय घसरला." मग आत बघत हळूच म्हणाली, "तू जाय आता. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मी इंदूकडे जाण्याआधीच मावशी आम्हाला बाग दाखवायला घेऊन गेली. झाडाखाली बसून संत्री सोलताना सुशीलाने सरळ विचारलं, "मावशी, इंदूचा नवरा मारते का तिले?"

मावशीने हातातलं साल खाली टाकलं. "साऱ्या गल्लीले आयकू येते बाई. पण त्याहीच्या घरातलं हाय. आपुन काहून पडावं मधात?"

"मंग तुमी काय करता?"

"काय करतो? दार लावून घेतो."

मला मावशीचा राग आला. पण त्याच संध्याकाळी मला माझीही लायकी कळली. दिवेलागणीला शेजारून भांडं आपटल्याचा आवाज आला, मग भास्करचं, इंदूच्या नवऱ्याचं, ओरडणं आणि मग इंदूचा आवाज. मी उठून दारापर्यंत गेले आणि तिथेच थिजले. आत जाऊन बोलायचं काय, हेच सुचेना.

सुशीलाने चुलीजवळचं खापर उचललं. आगपेटीच्या काड्या वाचवायला शेजारून विस्तव आणायची तेव्हा गावोगाव रीत होती. "मी विस्तव मागायले जातो," ती म्हणाली. "तू येतं का?"

मी तिच्या मागे गेले. ओसरीवर सासू मान खाली घालून ज्वारी निवडत होती. आत भास्करचा हात वर होता आणि इंदू भिंतीशी बसली होती. सुशीला म्हणाली, "विस्तव पाह्यजे होता."

"तुमच्या चुलीत नाही काय?"

"विझला."

ती चुलीपाशी जाऊन बसली आणि निखारे उकरत राहिली. मी इंदूच्या बाजूला बसले. भास्कर दोघींकडे बघत उभा राहिला, पण पाहुण्या बायकांसमोर त्याचा हात खाली आला.

तेवढ्यात दारात मावशी. हातात वाटी. "विरजण हाय का व इंदू?" तिच्या मागून समोरच्या घरातली म्हातारी मीठ मागायला आली. मग आणखी दोघी-तिघी, काही न मागताच. स्वयंपाकघर भरून गेलं. मारण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी मावशीच बोलली.

"भास्कर, तू माह्या डोयासमोर लहानाचा मोठा झाला. दोन वर्सं मी दार लावून आयकलं, ते माहं चुकलं. आता आयकू आलं का मी येईन. ह्या साऱ्या येतीन."

भास्कर बाहेर निघून गेला. इंदूने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि म्हणाली, "मी विहिरीवर घसरली नोती." ओसरीवरून सासू उठून आत आली आणि सगळ्यांसमोर रडली.

रात्री इंदू मावशीकडे झोपली. सकाळी तिने स्वतःच सांगितलं, "मले माहेरी जायचं हाय." कुणी समजूत घातली नाही. मोर्शीच्या स्टँडवर तिला पोचवायला गल्लीतल्या आठ बायका बंड्यांतून आल्या. भास्करचा चुलता वाटेत आडवा आला तेव्हा मावशीने बंडीतूनच सांगितलं, "ते आपल्या मर्जीनं चालली. बाजूले व्हा." तो बाजूला झाला.

एसटीत एका बाईने इंदूचा गाल बघून विचारलं, "काय लागलं माय?" इंदू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवऱ्यानं मारलं." मग त्या बाईने तिला जवळ ओढून घेतलं आणि अमरावतीपर्यंत आमच्या बाकाभोवती बायका बोलत होत्या. विस्तवाची गोष्ट सुशीलाला तीनदा सांगावी लागली. प्रत्येक वेळी ऐकणारी विचारायची, "अन् मंग तो काही बोलला नाही?"

इंदू परत गेली नाही. वडील आधी कुरकुरले, पण तिने शिक्षिकेचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि मूर्तिजापूरकडे नोकरी धरली. निवृत्त झाली तेव्हा ती मुख्याध्यापिका होती. मावशीच्या गल्लीत बायका पुढेही एकमेकींच्या दारी जात राहिल्या. आवाज आला की एकीने निघायचं आणि बाकीच्यांनी तिच्या मागे जायचं, एवढंच त्यांचं ठरलं होतं. एकटीने भिडायचं नाही आणि मार खाणारीला उपदेश करायचा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. मी आणि सुशीला पुढे शाळेत मुलांच्या आयांना जमवून हेच सांगायचो.

त्या प्रवासातून मी टोपलीभर संत्री आणली होती, ती आठवड्यात संपली. पण अकोल्यात पोचले त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, तेव्हाचं मला जास्त आठवतं. आई भाजी निवडता निवडता थांबली. मग म्हणाली, "आपल्या मागच्या आळीतली द्वारका. तिच्याकडेही असंच आहे. मला ठाऊक होतं."

मी काही बोलायच्या आत तिने हात धुतले आणि चपला घातल्या.

"चल," ती म्हणाली. "जाताना शेजारच्या दोघींनाही हाक मारू."