इवाईबुवांची बिनछपराची गाडी

आमच्या इवाईबुवांइतका सावकाश माणूस चांदा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतक्या वेगानं मोटार हाकणाराही दुसरा झाला नाही. ही दोन्ही माणसं एकच होती, हे मला त्यांच्या हयातीत कधी नीट पटलं नाही. व्याह्यांना आमच्या झाडीपट्टीत इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. माझी थोरली मुलगी सावली या गावी त्यांच्या घरी दिलेली. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत आणि तिथं माझं औषधांचं लहानसं दुकान होतं. मुलीचा बाप म्हणजे जन्माचा होयबा. मुलाकडच्यांनी बसा म्हटलं की बसायचं, उठा म्हटलं की उठायचं. पण "चला इवाई, गाडीत बसा" असं म्हणणारे इवाई माझ्याच नशिबी येणार आहेत, याची कल्पना पत्रिका जुळवताना मला कुणी दिली नव्हती.

तेव्हा कल्पना येण्यासारखं काही नव्हतंही. मुलगी पाहायला ते दमणीतून आले. सकाळी यायचे ते दिवेलागणीला पोचले, कारण दुपारी बैलांना ऊन लागलं असतं. चहाची बशी हातात धरून ते एवढा वेळ विचार करत बसले की माझ्या बायकोला वाटलं, चहात माशी पडली. होकार कळवायला त्यांनी एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा घेतला. जेवायला बसले की त्यांचा भात संपेपर्यंत वाढणारी मंडळी स्वतः जेवून, भांडी आवरून मोकळी होत. बोलतानासुद्धा एका शब्दानंतर दुसरा येईल की नाही याची ऐकणाऱ्याला काळजी लागे. अशा घरात मुलगी सुखात राहील, निदान घाईगर्दीत तिचं काही वाईट होणार नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि अक्षता टाकून मोकळा झालो.

लग्नाला वर्षही झालं नसेल, आणि सावलीहून निरोप आला की इवाईबुवांनी शर्यतीची मोटार घेतली. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. तरुणपणी एटापल्लीच्या रानातून सागाचे ओंडके आणणारी लॉरी त्यांनी स्वतः चालवली होती, पुढं सावलीला धानाची गिरणी घातली आणि लॉरी सोडली. तेव्हा मोटार त्यांना नवी नव्हती. पण ही मोटार म्हणजे एक नमुना होता. कोळशाच्या खाणीवरचा कुणी गोरा साहेब विलायतेला परतताना ती बंगल्यामागच्या गोठ्यात टाकून गेला होता. दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, रंगानं लाल, आणि डोक्यावर छप्पर नाही. इवाईबुवा ती आणायला गेले तेव्हा तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिलं निघेपर्यंत ते थांबले, मगच गाडी हलवली. गाडी शर्यतीची असली तरी घेणारा माणूस तोच होता.

गाडी दुरुस्त करायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. जुन्या लॉरीचे, गिरणीचे, एवढंच काय, ऊस पिळायच्या चरकाचेसुद्धा सुटे भाग तिच्या पोटात गेले असं गावात बोलत. ती चालू झाली त्या दिवशी सावलीतल्या म्हशींनी दूध चोरलं. लष्करी सामानाच्या लिलावात मिळालेली कान झाकणारी चामड्याची टोपी, डोळ्यांवर भलामोठा चष्मा, अंगात बंडी आणि खाली घट्ट काष्टा मारलेलं धोतर, अशा थाटात इवाईबुवा सकाळी सरावाला निघत. गाडीच्या बाजूला कातड्याच्या पट्ट्यानं पाण्याची छागल टांगलेली असे. शर्यतीच्या गाडीला जाड कापडाची ती ओली पिशवी कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "पाण्याबिगर गाडी घराभायेर नाई काढू जी."

मला मात्र राहून राहून एकच कुतूहल होतं. हा माणूस हे करतो कशाला? नाव कमवायचं म्हणावं तर चारचौघांत पुढं बसायलाही लाजायचे. पैशाची हाव नव्हती. मी सरळ विचारलं तर दर वेळी वेगळंच उत्तर येई. ईनबाईंना त्यांनी सांगितलं होतं की सकाळची हवा पोटाला चांगली असते. पोलीस जमादाराला सांगितलं, इंजिनातला गंज झडावा म्हणून पळवतो. मला म्हणाले, "पाहू." काय पाहू ते सांगितलं नाही. मग ते बाहेर काढण्याच्या लोभानं, आणि मुलीचा बाप म्हणून नाही म्हणता येत नाही म्हणूनही, मी त्यांच्या शेजारी बसू लागलो. दुकानातून निघताना आयोडिनची बाटली, कापूस आणि पट्ट्यांची गुंडाळी पिशवीत टाकायची आणि कुलदैवताला हात जोडायचे, हा माझा नेम झाला.

रस्ता मोकळा असला की तो सावकाश माणूस कुठं जायचा कोण जाणे. झाडं मागं पळत, माझी टोपी त्याच्याही मागं पळे, आणि शेजारी इवाईबुवा शांत, देवघरात बसल्यासारखे. पण रस्त्यावर कुणी बाई धान वाळवत असली की ही गाडी गोगलगाय होई. खाली उतरून, "माय, दाना उडाला का वं?" असं विचारून मगच ते पुढं जात. एकदा मोहफुलांची टोपली डोक्यावर घेतलेली एक गोंड म्हातारी बाजाराला चालली होती. इवाईबुवांनी मला मागच्या सामानावर बसवलं आणि तिला शेजारी घेतलं. मी दोन्ही हातांनी सामानाचा दोर धरून बसलो, म्हातारी मात्र मजेत. बाजारात उतरल्यावर तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "गाडी बरी हाये बाबू. वरतं शाकाराचं तेवढं राहून गेलं तुहं."

आणि थांबलेलं वाहन दिसलं की संपलंच. एटापल्लीकडच्या रानरस्त्यांचा एक रिवाज आहे. वाटेत गाडी, छकडा, लॉरी काहीही उभं दिसलं तर न विचारता पुढं जायचं नाही. कोसकोस वस्ती नाही, नाल्यांवर पूल नाहीत, वाघरू असतंच. तुम्ही पुढं गेलात तर मागून दुसरा कधी येईल याचा भरवसा नाही. तेव्हा थांबायचं, कुठं निघालात विचारायचं, पाणी हवं का विचारायचं, आणि त्याचं चाक फिरल्यावर आपलं फिरवायचं. इवाईबुवांच्या हाडात हे इतकं मुरलं होतं की चांदा-सावली या चांगल्या वाहत्या रस्त्यावरही ते प्रत्येक उभ्या गाडीजवळ थांबत. एकदा झाडाखाली लॉरी लावून झोपलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी हलवून उठवलं आणि "काई पायजे का जी?" असं विचारलं. त्याला काय पाहिजे होतं ते त्यानं सांगितलं, पण ते मला इथं लिहिता येत नाही.

लढाईच्या दिवसांत बांधलेली आणि नंतर ओस पडलेली एक विमानांची धावपट्टी लांब उत्तरेकडे होती. तिथं नागपूरकडचे काही हौशी लोक हिवाळ्यात मोटारींची शर्यत लावत. पहिल्या वर्षी इवाईबुवा तिथं एकटेच गेले आणि शेवटचे आले. गाडी कमी पडली नव्हती. पण मागून कुणी हॉर्न वाजवला की हे हात बाहेर काढून त्याला वाट देत. हॉर्न सगळ्यांनीच वाजवला.

त्या वर्षी संक्रांतीला मी सावलीला गेलो होतो. पानात नवा भात आणि लाखोरीची डाळ होती. ईनबाई अंगानं लहानखुऱ्या, पण गिरणीचे हमालसुद्धा त्यांच्या आवाजाला दबत. नवरा पहाटे त्या लाल भुतावर बसून गेला की तो परत येईपर्यंत त्या चुलीजवळ बसून राहत, तोंडात पाणी घेत नसत, हे मला मुलीनं सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी वाढता वाढता निकाल दिला.

"पुढच्या हिवाळ्यात शर्यतीचा कप घरात आला त गाडी राहीन. नाई आला त गाडी जाईन. माह्या जिवाचं पानी होऊन राह्यलं रोज. इवाई साक्षीले हायेत."

इवाईबुवांनी हातातला घास खाल्ला, पुढचा खाल्ला, त्याच्याही पुढचा खाल्ला, आणि म्हणाले, "हाव. शब्द देल्ला."

त्यानंतर वर्षभर ते इतके अस्वस्थ होते, की तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते भात भरभर जेवू लागले. गाडीवरून हात फिरवताना मी त्यांना दोनदा पकडलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी धूळ पुसत असल्याचं सोंग केलं. गाडी गेली तर हा माणूस आतून मोडेल, अशी धास्ती मला वाटू लागली. ज्या गाडीनं माझं रक्त आटवलं तिला कप मिळावा म्हणून मी महाकालीला नारळ बोललो.

हिवाळ्यात आम्ही तिघं गेलो, ईनबाई शेजारी आणि मी मागच्या सामानावर. ईनबाई हट्टानं आल्या आणि पट्टीच्या कडेला घोंगडीवर बसल्या. कप पहिल्या तिघांना होते. गाड्या सुटल्या आणि मला माझे इवाई ओळखू येईनात. मागचे हॉर्न वाजवून थकले, पण हात काही बाहेर आला नाही. एक गाडी मागं पडली, दुसरी पडली. शेवटच्या फेरीला इवाईबुवा तिसरे होते. पुढची निळी गाडी पट्टीच्या टोकाला पडक्या कोठारामागं वळली, तिच्यामागं आमची लाल गाडी वळली, आणि दोन्ही दिसेनाशा झाल्या. पहिला गडी सुसाट निघून गेला. मागचे दोघं आले, तेही गेले. लाल गाडी काही बाहेर येईना.

"इवाई, ते काऊन नाई दिसून राह्यले?" ईनबाईंनी विचारलं. मी आयोडिनची पिशवी उचलली. त्या बाईचा चेहरा मला पाहवत नव्हता. "जाऊ द्या कप," त्या पुटपुटत होत्या, "मानूस येऊ द्या."

मग निळी गाडी बाहेर आली, भन्नाट वेगानं गेली, एकाला मागं टाकून तिसरी आली. आणि तिच्यामागून, सगळ्यात शेवटी, इवाईबुवा.

झालं होतं ते एवढंच. वळणावर निळी गाडी वाफा सोडत उभी होती. इवाईबुवा थांबले. छागल घेऊन खाली उतरले आणि त्या नागपूरच्या तरुणाला म्हणाले, "कुठी जाऊन राह्यले जी?" तो बिचारा म्हणाला, "कुठे म्हणजे? शर्यत आहे ना काका." तेव्हा यांना शर्यत आठवली. पण आता थांबलोच आहोत म्हणून त्यांनी इंजिन थोडं निवू दिलं, धीरानं पाणी घातलं, त्याचं चाक फिरलेलं पाहिलं आणि मग आपलं फिरवलं. आपला कप त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी पाजून रवाना केला होता.

ईनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं मला वाटलं होतं. पण नवी नवरी असताना एटापल्लीच्या वाटेवर त्यांची लॉरी नाल्यात रुतली होती, आणि एका गोंड गाडीवानानं आपला बाजार बुडवून दोर आणि माणसं आणली होती. एवढं मला सांगून त्या नवऱ्याकडं वळल्या. "अजी, गाडी राहू द्या."

"नाई," इवाईबुवा म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द."

परतताना गाडीत मी शेवटचं विचारून घेतलं, की हे सगळं केलं कशासाठी. आधी त्यांनी समोरच्या बैलगाडीला वाट दिली. मग म्हणाले, "जलमभर थांबत थांबतच गेलो इवाई. कधी गाय, कधी नाला, कधी कोनाची मोडली गाडी. म्हटलं एकदा पाहाव, न थांबता जाता येते का आपल्याले. लोकाइले येते. मले नाई येत." आणि वर, "बरं झालं, मालूम पडलं." त्यांच्या आवाजात दुःख शोधायचा मी प्रयत्न केला. होतंही थोडं. पण सुटका झाल्यासारखंही काही होतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा फार लोभ वाटला.

गाडी त्या निळ्या गाडीच्या तरुणालाच दिली. तो न्यायला आला त्या दिवशी मी सावलीत होतो. इवाईबुवांनी त्याला गाडीच्या सगळ्या खोडी सांगितल्या. कुठं कुरकुरते, केव्हा रुसते, सगळं. हे चाललं असताना दोन वेळा चहा झाला. मग तो बसला, नमस्कार केला आणि निघाला. आम्ही तिघं फाटकाशी उभे राहिलो. तो म्हाताऱ्याच्या देखत जरा जपूनच चालवत असावा. गाडी वळणाआड गेली तरी तिचा आवाज येतच होता, बारीक, एकसारखा.

ईनबाईंनी पदर डोळ्याला लावला. "किती हळू चालवते जी हा मानूस," त्या म्हणाल्या. "तुमी एवढ्यात नदीवर पोचले असते."

इवाईबुवांनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि आवाज पुरता विरेपर्यंत आमच्यापैकी कुणीच आत गेलं नाही.